वैमानिकांची झोप वाटाघाटीच्या टेबलावर यावीच का?

मेघना_रा

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. एकट्या 5 डिसेंबरला हजाराच्या वर. मुंबई-पुण्यापासून देशभर लोक विमानतळांवर बॅगांवर बसून राहिले. तेव्हापासून एक वाक्य सतत कानावर येतंय, "पायलटना जास्त आराम हवा होता, म्हणून हे झालं." मला ते अजिबात पटत नाही.

आधी नियम काय होता ते सांगते. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, 8 जानेवारी 2024 ला वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली. रात्र म्हणजे बारा ते पाच धरत, ती बारा ते सहा झाली. रात्रीच्या एका ड्युटीत सहा लँडिंग चालायची, ती संख्या दोनवर आणली. हे 1 जून 2024 पासून लागू व्हायचं होतं. कंपन्यांनी विरोध केला आणि तारीख पुढे गेली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात होतं, तिथे शेवटी दोन टप्पे ठरले, 1 जुलै 2025 आणि 1 नोव्हेंबर 2025. म्हणजे नियम कागदावर आल्यापासून पूर्ण अंमल होईपर्यंत जवळपास बावीस महिने मिळाले.

आणि 5 डिसेंबरला काय झालं? सगळ्यात मोठ्या कंपनीला, म्हणजे इंडिगोला, रात्रीच्या लँडिंगच्या मर्यादेतून आणि रात्रीच्या नव्या व्याख्येतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट मिळाली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, ही सूचनाही त्याच दिवशी मागे घेतली गेली.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपल्याकडे बहुतेक खासगी विमान कंपन्यांत मान्यताप्राप्त युनियनशी सामूहिक करार नसतो. प्रत्येक वैमानिक एकेकटा सही करतो. नोकरी सोडायची म्हटलं तर 2017 च्या नियमाप्रमाणे कमांडरला (कॅप्टनला) एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस. अशा माणसाकडे सौदा करायची ताकद कुठून येणार? त्याची झोप सरकारी नियमानेच राखावी लागते. तो नियमच जर गोंधळ झाल्यावर सैल होत असेल, तर गोंधळ होऊ देणं कंपनीच्या फायद्याचं ठरतं.

ताळेबंद

मी विमान क्षेत्रातला नाही, पण मनुष्यबळाचं नियोजन हेच माझं काम आहे. त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

कमांडर सहा महिन्यांत तयार होत नाही. एटीपीएल या कॅप्टन होण्यासाठीच्या परवान्यालाच 1,500 तासांचं उड्डाण लागतं, त्यानंतर कमांड ट्रेनिंग, तपासण्या. बावीस महिने मिळाले म्हणता, पण त्यातला बराच काळ नियम नक्की कधी लागू होणार हेच ठरलेलं नव्हतं. तारीख न्यायालयात लटकलेली असताना शेकडो माणसं आगाऊ भरा, असं कोणत्याही वित्त विभागाला पटवता येत नाही. मी तो प्रयत्न केलेला माणूस आहे.

आणि 5 डिसेंबरला डीजीसीएपुढे पर्याय काय होते? देशांतर्गत प्रवासी वाहतुकीचा साधारण 65 टक्के वाटा असलेली कंपनी, रोजची 2,200 च्या वर उड्डाणं. नियमावर अडून राहिले असते तर उपचारासाठी, परीक्षेसाठी, अंत्यविधीसाठी निघालेले लोक आणखी आठवडे अडकले असते. भाडी इतकी चढली की सरकारला 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये अशी कमाल मर्यादा घालावी लागली. मी त्या खुर्चीत असतो तर मुदतीची सूटच दिली असती.

मेघना_रा

@ताळेबंद, तारीख लटकली ती कोणामुळे? 1 जून 2024 ही तारीख ठरलेली होती, ती पुढे ढकला म्हणून कंपन्यांनीच आग्रह धरला. आपणच निर्माण केलेली अनिश्चितता भरती न करण्याचं कारण म्हणून पुढे करता येणार नाही. शिवाय हाच नियम बाकीच्या कंपन्यांनाही होता, त्यांचं वेळापत्रक असं कोसळलं नाही. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरअखेर सुरू झालं आणि नियमाचा दुसरा टप्पा त्याच आठवड्यात. माणसं मोजून उड्डाणं ठरवायला हवी होती. नंतर सरकारने 10 टक्के उड्डाणं कमी करायला लावली, म्हणजे तो मार्ग होताच.

कोथरूडचा_अजित

थकव्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण वैमानिक संघटना म्हणजे फक्त सुरक्षिततेची काळजी करणारी मंडळी, हे चित्र खरं नाही. 2009 मध्ये जेट एअरवेजचे वैमानिक सामूहिक 'आजारी' पडले, कारण होतं युनियन काढणाऱ्या दोघांना काढून टाकणं. 2012 मध्ये एअर इंडियात 58 दिवस संप चालला, त्यात ड्रीमलायनरचं ट्रेनिंग कोणाला मिळणार हा मुद्दा होता. एप्रिल 2024 मध्ये विस्तारा या विमान कंपनीची उड्डाणं रद्द झाली, कारण एअर इंडियातल्या विलीनीकरणाच्या नव्या करारात हमीचा पगार 70 तासांऐवजी 40 तासांचा केला होता. तिन्ही वेळा तक्रार झोपेची नव्हती.

पगार वाढवून मागा, संप करा, तो हक्कच आहे. पण पगाराच्या भांडणात 'सिक' कळवायचं आणि दुसऱ्या दिवशी 'फटीग' (थकवा) म्हणायचं, मग प्रवाशाने कशावर विश्वास ठेवायचा? शिवाय पगार उड्डाणाच्या तासांवर. जास्त तास उडावं असं त्यांनाही वाटतंच की.

उजवी_सीट

मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. कंपनीचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारूही नका.

अजित, तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे आणि मला तेच सगळ्यात जास्त छळतं. हमीचे तास 70 वरून 40 केले की पगाराचा मोठा हिस्सा प्रत्यक्ष उडण्यावर अवलंबून राहतो. घराचा हप्ता, ट्रेनिंगचं कर्ज डोक्यावर असतं. आपण थकलोय हे माहीत असतानाही माणूस साइन-इन करतो, कारण 'फटीग' कळवलं की ते सेक्टर, म्हणजे ती उड्डाणं, गेले आणि त्यांचे पैसेही गेले. म्हणून पगार वेगळा आणि थकवा वेगळा असं करता येत नाही. विस्ताराचा वाद पगाराचा होता म्हणता, मी म्हणतो तो झोपेचाही होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं वैमानिक महिन्याला सत्तर-ऐंशी तासच तर उडतो. तास मोजून थकवा कळत नाही, रॉस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) बघा. सोमवारी पहाटे चारचं रिपोर्टिंग, म्हणजे दोनला उठणं. बुधवारी संध्याकाळची ड्युटी, हॉटेलवर पोचायला रात्रीचा एक. शुक्रवारी पुन्हा पहाट. प्रत्येक वेळी मधली विश्रांती नियमात बसते. पण दुपारी तीनला पडदे ओढून पडलं म्हणून झोप येत नाही. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सगळ्यात मंद असतं आणि त्याच वेळात दिवसाचं पहिलं किंवा रात्रीचं शेवटचं लँडिंग येतं. सहाव्या लँडिंगला चेकलिस्ट तोंडातून बरोबर बाहेर पडते, पण आपण ती म्हटली का हे आठवत नाही. रात्रीची लँडिंग दोनवर आणली तेव्हा आम्ही एकमेकांना अभिनंदनाचे मेसेज केले होते.

ऑगस्ट 2023 मध्ये नागपूरला बोर्डिंग गेटपाशी एक कॅप्टन कोसळले आणि गेले. पुण्याला उडायचं होतं त्यांना. आधी 27 तासांची विश्रांती मिळाली होती असं तेव्हा सांगितलं गेलं. मृत्यू थकव्याने झाला असं सिद्ध झालेलं नाही आणि मीही तसं म्हणणार नाही. पण त्या दिवशी आमच्यापैकी प्रत्येकाने आपापलं रॉस्टर उघडून पाहिलं होतं.

ताळेबंद

@उजवी_सीट, मनापासून लिहिलंत, त्यातून मला बरंच कळलं. तरी दोन गोष्टी मांडतोच.

एक, रजेची. चार दिवस माणूस रजेवर आहे, विमानाच्या जवळपासही नाही. त्यात 48 तासांची विश्रांती झाली असं धरलं तर शरीराचं काय बिघडलं? रजा वेगळी मिळावी ही रास्त मागणी असेल, पण ती कराराची आहे, सुरक्षिततेची नाही.

दोन, मंगळूर. 22 मे 2010, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेस धावपट्टी संपवून दरीत गेलं, 158 माणसं गेली, आठ वाचली. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपले होते, कॉकपिटच्या रेकॉर्डरवर घोरणं ऐकू आलं. पण ते नुकतेच रजेवरून परतले होते आणि उड्डाणापूर्वी पुरेशी विश्रांती झाली होती, असं चौकशी अहवालच म्हणतो. मग 36 चे 48 केल्याने ते वाचले असते का?

मेघना_रा

नसते वाचले. आणि म्हणूनच मंगळूर माझ्या बाजूचं उदाहरण आहे.

त्याच अहवालात पुढे आहे की दीर्घ झोपेतून उठल्यावर येणारी सुस्ती आणि शरीराचा तो पहाटेचा मंद काळ, यांनी निर्णयशक्तीवर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे. मध्यरात्री दुबई सोडलेलं विमान पहाटे सहाच्या सुमारास उतरत होतं. भरपूर आराम झालेल्या माणसालाही त्या वेळी झोपेने गाठलं. याचा अर्थ विश्रांतीचे तास कितीही मोजा, रात्रीच्या कामावर वेगळा लगाम लागतोच. तोच लगाम म्हणजे दोन लँडिंगची मर्यादा आणि सहापर्यंतची रात्र. रात्र पाचला संपवली की पाच ते सहा हा अत्यंत वाईट तास नियमाच्या बाहेर पडतो. सूट नेमकी त्यातच दिली गेली.

रजेचं म्हणाल तर त्या कलमापुरतं तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. रजा किती आणि ती कशात धरायची, हे कंपनी आणि वैमानिक यांनी बसून ठरवावं. पण 'बसून ठरवावं' म्हणायला समोर कोणीतरी बसलेलं हवं ना? अमेरिकेत 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, पन्नास माणसं गेली. मृतांच्या नातेवाइकांनी काँग्रेसचा पिच्छा पुरवला, 2010 मध्ये कायदा झाला आणि जानेवारी 2014 पासून ड्युटीपूर्वी दहा तासांची विश्रांती, त्यात सलग आठ तास झोपेची संधी, असा नियम आला. तिथल्या युनियन हा नियम पायाला धरतात आणि करारात त्याच्या वरचं मागतात. आपल्याकडे करारच नाही, त्यामुळे पायाच हलवला जातो. तिथेही मालवाहू विमानांना खर्चाचं कारण देऊन वगळलं, हे मला आजही चुकीचं वाटतं. मध्यरात्री उडणारी विमानं प्रामुख्याने तीच.

भुसावळची_लेक

मी रेल्वे कॉलनीत वाढले, घरात रनिंग स्टाफ. वडील रात्रभर गाडी चालवून सकाळी यायचे, तेव्हा आई आम्हाला शाळेच्या सुट्टीतही घराबाहेर काढायची. कुकरची शिट्टी दुपारी एकनंतरच. एवढं करूनही ते चारला उठून बसलेले असायचे.

म्हणून मला वाटतं, कागदावरची विश्रांती आणि खरी झोप यातलं अंतर तुम्ही दोघंही कमी धरताय. जानेवारी 2024 मध्ये इंडोनेशियात बाटिक एअरचे दोन्ही वैमानिक 28 मिनिटं एकाच वेळी झोपले, मागे 153 प्रवासी होते. को-पायलटच्या घरी महिन्याभराची जुळी बाळं होती. त्याला नियमाने सुट्टी मिळाली असेल, झोप कुठून मिळणार? अशा वेळी 'आज मला जमणार नाही' म्हणता आलं पाहिजे आणि त्याचा पगार कापला जाता कामा नये. मला हे 48 तासांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आणि जरा रागानेच विचारते. लोको पायलट कित्येक वर्षं 46 तासांची साप्ताहिक विश्रांती मागताहेत, सोळा तासांची मुख्यालयातली आणि वर तीस. त्यांच्या गाडीत हजार-दीड हजार माणसं असतात. तेव्हा एवढी चर्चा का होत नाही?

कोथरूडचा_अजित

@भुसावळची_लेक, पगार न कापण्याचं तत्त्व चांगलं आहे, पण गैरवापर कसा रोखणार? 'फटीग' कळवण्यावर काही मर्यादा नको का? दिवाळीच्या आठवड्यात निम्मे वैमानिक थकले तर?

उजवी_सीट

अजित, त्याचं उत्तर आकड्यात आहे. कोणत्या रॉस्टरवर, कोणत्या सेक्टरवर, किती वाजता 'फटीग' कळवलं गेलं हे नोंदवलं तर दिवाळीतली फुगवटी लगेच दिसेल, आणि एखाद्या ठरावीक ड्युटीच्या जोडणीवर बाराही महिने तक्रार येते हेही दिसेल. नव्या नियमात कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याचा अहवाल डीजीसीएला द्यायचा आहे. किती तक्रारी आल्या, किती मान्य झाल्या, नाकारल्या तर का, हे सगळं त्यातून कळू शकतं. पण माझ्याच कंपनीचा अहवाल मला बघायला मिळत नाही.

लोको पायलटांबद्दल ताईंनी लिहिलं ते शंभर टक्के बरोबर आहे.

ताळेबंद

इथे मात्र मी तुमच्या बाजूने. तिमाही अहवाल जाहीर करा, कंपनीच्या नावासह. त्याच पानावर कंपनीकडे किती कमांडर आहेत, वेळापत्रकाला किती लागतात, हेही छापा. 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं, तिथल्या नव्या स्लॉटसाठी (उड्डाणांच्या वेळांसाठी) अर्ज करणाऱ्या प्रत्येक कंपनीला हा आकडा आधी विचारावा. सूट देण्याबाबत माझं मत बदललेलं नाही, त्या दिवशी ती लागत होती. पण सूट देताना भरतीचा महिनावार हिशेब जाहीर करायची अट घालायला हवी होती.

मेघना_रा

त्या अटीवर माझी सही आहे, सवलतीवर नाही. मी माहितीच्या अधिकारात दोन गोष्टी मागवणार आहे: सवलतीच्या काळात रात्रीच्या किती ड्युटींमध्ये दोनपेक्षा जास्त लँडिंग झाली, आणि त्याच काळात थकव्याच्या किती तक्रारी नोंदवल्या गेल्या. अर्जाचा मसुदा उद्या इथेच टाकते. @उजवी_सीट, त्यातले तांत्रिक शब्द तपासून द्याल का? @ताळेबंद, भरतीच्या आकड्यांचा प्रश्न तुम्ही लिहा, तो तुम्हालाच नीट विचारता येईल.