नॉमिनी दीर, वारस बायको-मुलं: एफडी कोणाची?

गोदाकाठ_४२
नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत नोकरी करणारे गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, बायको, मुलगा (१५), मुलगी (११). लग्नाआधीची १२ लाखांची एफडी, विमा आणि पीएफ, तिन्हीला नॉमिनी धाकटा भाऊ. तो म्हणतो, "नाव माझं, पैसे माझे." बँकेत हरकतीचा अर्ज दिला तर पैसे थांबतील का?

जुना_कारकून
नुसत्या अर्जाने नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५झेडबीप्रमाणे बँक तिऱ्हाइताच्या दाव्याची नोटीस घेत नाही. कोर्टाचा आदेश किंवा दाखला असेल तरच दखल. भाऊ मृत्यूचा दाखला आणि केवायसी घेऊन गेला की बँक पैसे देऊन मोकळी. मोकळी होते ती बँक, भाऊ काही मालक होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या वर्ग १ मध्ये, म्हणजे पहिल्या हक्काच्या वारसांत, भाऊ नाहीच, आई आहे. म्हणजे चार वाटे, प्रत्येकी ३ लाख. सासूबाईंना वगळून अर्ज केला की भांडण तिथूनच पेटतं.

पैसे अजून बँकेत असतील तर हिश्श्याचा दावा लावून तात्पुरती मनाई मागा. सोबत नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३७२ खाली वारसा दाखल्याचा (सक्सेशन सर्टिफिकेट) अर्ज. भावाला सामनेवाला करा. अर्जाच्या परिशिष्टात एफडीचा नंबर पावतीवरूनच उतरवा, आठवणीने नको. एखादं बचत खातं राहिलं तर कलम ३७६ खाली दाखला वाढवून घेण्याचा नवा फेरा.

पॉलिसी_पाहणारा
विम्यातही तेच. सरबती देवी खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने नॉमिनीला पैसे घेण्यापुरतंच ठेवलं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते स्वतः हक्कदार ठरतात. भाऊ त्या यादीत नाही.

पीएफचं सगळ्यात सोपं. १९५२ च्या योजनेचा परिच्छेद ६१ बघा: कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन लग्न झालं की रद्द. वहिनींनी स्वतःसाठी आणि मुलांसाठी फॉर्म २० (पीएफ मागणीचा अर्ज) भरावा, विवाह नोंदणीचा दाखला जोडून. कंपनीच्या रेकॉर्डला नॉमिनीचा जुनाच फॉर्म २ पडून असतो, म्हणून भावाला वाटतं आपलंच आहे.

गोदाकाठ_४२
आई आपला वाटा नातवंडांना द्यायला तयार आहेत.

जुना_कारकून
मग त्यांचं संमतीचं शपथपत्र अर्जासोबतच लावा. मुलांचा वाटा मात्र त्यांच्या आईलाही परस्पर सोडता येणार नाही. अज्ञान (१८ पेक्षा लहान) मुलांची रक्कम कोर्ट बहुधा १८ पूर्ण होईपर्यंत त्यांच्या नावे एफडीत ठेवायला सांगतं.