रिकामा शंख आणि राहण्याजोगा शंख

अनेकांना वाटतं की किनाऱ्यावर रिकामे शंख ढिगाने पडलेले असतात, दोन-चार पिशवीत टाकून आणले तर रिकाम्या शंखांत घर करणाऱ्या संन्यासी खेकड्यांचं काय बिघडणार? ढीग असतो हे खरं, पण त्यातले कितीतरी फुटके, भोकं पडलेले किंवा मापात न बसणारे असतात.

जमिनीवर राहणाऱ्या जातींचा प्रकार तर आणखी वेगळा. कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या 'सीनोबिटा कॉम्प्रेसस' या जातीवर जीवशास्त्रज्ञ मार्क लेड्र यांनी केलेलं काम 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. हे खेकडे शंखाच्या आतला मधला पिळदार खांब झिजवून काढून टाकतात. त्यामुळे शंख हलका होतो, आत जागा वाढते आणि मादीला जास्त अंडी बाळगता येतात. हे कोरकाम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, जुन्या वाड्यासारखा तोच शंख एकाकडून दुसऱ्याकडे जातो. गोगलगाय मेल्यावर नुकताच रिकामा झालेला कोरा शंख फक्त लहान खेकड्यांच्या कामाचा. मोठ्यांना कोरलेलाच लागतो, आणि तो बहुधा दुसऱ्या खेकड्याच्या पाठीवर असतो. म्हणून तर जातभाईच्या मांसाचा वास आला की ते तिकडे धावतात, खायला नव्हे, घर रिकामं झालं असेल म्हणून! आपल्याला सुबक, हलका वाटून उचललेला शंख नेमका असा असू शकतो.

कोकणात ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत दिसतात ते बहुतेक समुद्री जातींचे. त्यांना असं कोरकाम लागत नाही, पण मापाच्या शंखासाठी मारामारी तिथेही होतेच.