लेथचं हँडव्हील घरी केलंय, पण सारखं सुटून येतंय. मदत हवी आहे

भुसाच_भुसा
लाकूड कातायच्या लेथसाठी प्लायवूडचं हँडव्हील (हाताने फिरवायचं-थांबवायचं चाक) केलं. १८ मिमीचे दोन थर चिकटवले, व्यास १५० मिमी, मध्ये आटे पाडले. बसतं नीट, पण लेथ बंद करून हाताने थांबवायला गेलं की सैल होतं. दोनदा तर पूर्ण सुटून हातात आलं. शिवाय फिरताना कड डुलते. दुसरं नवीन केलं, तेच झालं. सगळं काम यावर अडलंय. ग्लू बदलू का? लवकर सांगा.

टेपर_दोन
ग्लूचा काय संबंध? आधी हे सांगा: चाक हेडस्टॉकच्या (मोटरकडचा भाग) बाहेरच्या टोकाला आहे की टेलस्टॉकला (कामाला दुसऱ्या टोकाने टेकू देणारा भाग)? आटे कुठल्या मापाचे? सुलटे (उजवीकडे फिरवून घट्ट होणारे) की उलटे? स्पिंडल (फिरणारा दांडा) आरपार पोकळ आहे का?

गुळगुळीत
टेलस्टॉकचं असेल तर आटे नकोतच. तिथे स्क्रूच्या टोकाला चावी किंवा पिन असते. साधं भोक पाडा, ५ मिमीची पिन आडवी मारा. आणि तिथला स्क्रू बहुधा उलट्या आट्यांचा असतो, म्हणून चाक उजवीकडे फिरवलं की क्विल (आत-बाहेर सरकणारी नळी) पुढे येते. सोबत फिरती मूठ लावली तर ड्रिलिंग झपाझप होतं.

भुसाच_भुसा
हेडस्टॉकचंच हो. टेलस्टॉकला चाक आधीपासूनच आहे. आटे १ इंच ८ टीपीआय (इंचाला ८ आटे), पुढच्या बाजूला आहेत तेच मागेही.

टेपर_दोन
"तेच" म्हणजे पुढचा चक (काम धरणारा जबडा) मागच्या टोकावर चढतो का? चढवून बघा.

आटेवाला
बाहेरच्या टोकाला उलटे आटेच असतात. तुम्ही सुलटा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारलाय, म्हणून सुटतंय.

टेपर_दोन
@आटेवाला, उलट्या आट्यावर सुलटं चाक चढणारच नाही, सुटायचा प्रश्न नंतरचा. अनेक लेथना मागे उलटे आटे असतात हे खरं, सगळ्यांना नसतात.

भुसाच_भुसा
चक चढला. म्हणजे सुलटेच. पोकळ आहे, ठोकणी (पुढचं सेंटर मागून ठोकून काढायची सळई) तिथूनच घालतो, त्यामुळे भोक बंद करून चालणार नाही. हे आधी सांगायला हवं होतं का?

टेपर_दोन
हो, सगळं यावरच अवलंबून आहे. आता कारण बघा. बाहेरच्या टोकासमोर उभं राहिलं तर लेथ सरळ चालताना स्पिंडल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसतं. सुलट्या आट्याचं चाकही त्याच दिशेने घट्ट होतं. तुम्ही चाक हाताने धरता तेव्हा चाक थांबतं आणि स्पिंडल त्याच्या आत पुढे फिरत राहतं. नट धरून बोल्ट फिरवला की नट उतरतो, तसंच. चालू करतानाही जड चाक मागे रेंगाळतं, तेव्हाही थोडं सैल होतं. पुढच्या बाजूला हे होत नाही, कारण तिथे अवजाराचा जोर चकला घट्ट करतो.

आटेवाला
मग हाताने थांबवूच नका. स्पीड कंट्रोलरला ब्रेक असेल तर तो वापरा. मोटर थांबते, चाक पुढे जायला बघतं आणि आणखी घट्ट होतं.

टेपर_दोन
बरोबर. पण उलट फिरवून सँडिंग करताना हेच गणित पालटतं आणि ब्रेक मारला की चाक सैल होतं. चाक यांत्रिक पद्धतीने अडकवल्याशिवाय इलाज नाही.

सागर_काठ
सोपा उपाय: स्पिंडलमधून एम१० रॉड घाला, दोन्ही टोकांना वॉशर-नट लावून चाक आवळा. आटेही नकोत, साधं २५.५ मिमीचं भोक चालेल. एकदा आवळलं की हलत नाही.

गुळगुळीत
भुसाच_भुसाने वर लिहिलंय की ठोकणी तिथूनच जाते. रॉड बसवला की पुढचा मोर्स टेपरही (स्पिंडलच्या तोंडाचं निमुळतं भोक) अडतो, ड्राइव्ह सेंटर (लाकडात रुतून ते फिरवणारा काटा) कुठे लावायचा?

सागर_काठ
चक लावला असेल तर टेपर कशाला हवा? रॉडचं टोक चकच्या आत लपतं.

गुळगुळीत
आणि सेंटरमध्ये काम करायचं तेव्हा रोज रॉड काढायचा?

लोखंडी_नट
१ इंच ८ टीपीआय म्हणजे साधा यूएनसी (अमेरिकी प्रमाणित आट्यांचा) नटच आहे की. लाकडात आटे पाडण्याची गरजच नाही. १ इंचाचा षटकोनी नट घ्या, रुंदी ३८ मिमी, जाडी साधारण २२ मिमी. लाकडात षटकोनी खाच करून एपॉक्सीने बसवा. वरून लॉकनट मारा, तो साधारण १४ मिमी जाड. दोन्ही एकमेकांवर आवळले की विषय संपला.

टेपर_दोन
मागे आटे किती लांब बाहेर आहेत ते सांगा. दोन नट म्हणजे ३६ मिमी लागतात.

भुसाच_भुसा
३० मिमी. म्हणजे लॉकनट बसत नाही. प्लायमधले आटे पण आता भुरभुरायला लागलेत, कसं वाचवू?

टेपर_दोन
वाचवू नका. ८ टीपीआयला आट्यांमधलं अंतर ३.१७५ मिमी. प्लायचे थर त्याहून पातळ, म्हणून एकेक दाता दोन-तीन थरांचा होतो आणि थरागणिक सुटतो. बीच किंवा शिसवीसारखं टणक लाकूड घ्या. महत्त्वाचं म्हणजे भोक रेषांना आडवं जायला हवं. टोकाच्या बाजूने, रेषांच्या दिशेत भोक पाडलं तर दाते टॅप मारतानाच झडतात. २२ मिमीचं भोक, मग टॅप, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे, भुसा काढत. नंतर पातळ सुपरग्लू आट्यांवर फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि टॅप पुन्हा एकदा मारा. ओला असताना स्पिंडलवर चढवलंत तर कायमचं चिकटेल. स्पिंडलला मेण लावून ठेवा.

आटेवाला
आणि सैल होण्याचं काय? ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा, टोकाने दाबणारा), दुसरं काही नाही. लाकडात एम६ पितळी इन्सर्ट (आतून-बाहेरून आटे असलेली नळी), त्यात स्क्रू.

लोखंडी_नट
इन्सर्ट टिकत नाही. स्क्रू स्पिंडलवर दाबला की तोच जोर इन्सर्टला बाहेर ढकलतो. त्याला धरून ठेवतात ते फक्त लाकडातले दाते.

टेपर_दोन
इथे नटवाल्यांचं बरोबर. साधा एम६ नट, १० मिमी रुंद आणि ५ मिमी जाड, दोन थर चिकटवण्याआधी त्यांच्यामध्ये कोंडा. भोकापासून साधारण १० मिमी दूर, नट उभा मावेल एवढी खाच दोन्ही थरांत निम्मी-निम्मी पटाशीने काढा. मग नट बाहेर ढकलला गेला तरी त्याच्यामागे भरीव लाकूड असतं. कडेवरून नटपर्यंत आणि नटपासून मधल्या भोकापर्यंत ६.५ मिमीचं भोक. चिकटवताना नटच्या आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर ग्लू आत शिरतो.

एकाच बाजूने स्क्रू लावलात तर तो चाकाला एका बाजूला ढकलतो आणि आट्यांमध्ये जेवढा खेळ आहे तेवढं चाक केंद्राबाहेर जातं. म्हणून समोरासमोर दोन. तोलही बिघडत नाही. ३००० आरपीएमला केंद्रापासून ५० मिमीवर १० ग्रॅम जास्त असले तरी सुमारे ५ किलोचा ओढा पडतो. स्क्रूच्या टोकाखाली पितळेचा छोटा तुकडा टाका, ४ मिमी लांब, नाहीतर स्पिंडलचे आटे चिरडतात आणि चाक पुढच्या वेळी निघत नाही.

वेळवान
चाकावर इंडेक्सची भोकं (परीघाचे समान भाग पाडून काम तिथे अडवायला) पण पाडून घ्या. २४ भोकं घेतलीत तर २, ३, ४, ६, ८, १२ सगळे भाग मिळतात. पाच भाग हवे असतील तर ६० करा.

भुसाच_भुसा
इंडेक्स मी विचारलं नाही. कड का डुलते ते कोणी सांगेल का?

टेपर_दोन
नुसते आटे चाकाला केंद्रात धरत नाहीत, स्पिंडलच्या खांद्यावर (आट्यांमागची रुंद पायरी) टेकणारा पृष्ठभाग धरतो. भोक ड्रिलवर पाडलं असेल तर ते थोडं तिरकं गेलं असणार. तुमच्या दोन्ही टोकांचे आटे सारखे, म्हणजे सोय आहे. कच्चं चाक पुढच्या बाजूला उलटं चढवा आणि खांद्याला टेकणारी बाजू सपाट कातून घ्या. मधल्या भागात हलकी खोलगट ठेवा, म्हणजे फक्त बाहेरची कडी टेकते. मग पालटून दुसरी बाजू आणि परीघ काता. जसंच्या तसं मागे न्या. मागे खांदा नसेल तर समोरासमोरच्या स्क्रूंवरच भिस्त, तेव्हा दोन्ही थोडे-थोडे आळीपाळीने आवळा.

व्यास कमी करा, ११० मिमी पुरतो. १५० मिमीच्या कडेचा वेग ३००० आरपीएमला सेकंदाला साडेतेवीस मीटर होतो, हात लावायला तो फार आहे. कडेला ६ मिमीची गोलाई द्या. पकडीसाठी खोबणी, भोकं किंवा बाहेर आलेली मूठ काहीही नको, त्यात बोट किंवा बाही अडकते. आणि वेग उतरल्यावरच हात लावा.

गुळगुळीत
मुठीबद्दल मान्य. टेलस्टॉकला चालते, मोटरच्या टोकाला नाही.

भुसाच_भुसा
बीचचं केलं. दोन नट कोंडून, ११० मिमी. पुढच्या टोकावर दोन्ही बाजू कातल्या. कड आधी दीड मिमी डुलायची, आता डायल गेजवर ०.२ मिमी दिसते. वेग उतरल्यावर हाताने थांबवून दहा-बारा वेळा बघितलं, सैल झालं नाही. ठोकणीही आरपार जाते. एक शंका: पितळेच्या तुकड्यांवर खुणा पडल्यात, बदलायचे का?

टेपर_दोन
नको. आट्यांचा ठसा उमटला की पकड वाढते. उतरवाल तेव्हा तुकडे त्याच स्क्रूखाली आणि त्याच दिशेने परत घाला. हवेतल्या ओलीने बीच फुगतं आणि आकसतं, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे काम सुरू करण्याआधी ॲलन कीने स्क्रू तपासा.