मदत हवी आहे: भूर्जाची रोपे कोलमडतात, झाडाखालची माती घालावी का?

हिमालयात ३,००० मीटरच्या वर वाढणाऱ्या भूर्जाची (बेट्युला युटिलिस) रोपे तिथल्याच रोपवाटिकेसाठी करायची आहेत. साल आतपर्यंत न कापता वरचे पापुद्रे काढले तर झाड जगते, पण आतली जिवंत साल सोलली की मरते. गंगोत्रीच्या वर भोज म्हणजे भूर्जावरून पडलेले भोजबासा हे ठिकाणाचे नाव उरले आणि झाडे विरळ झाली, म्हणून ही लागवड निकडीची वाटते.

बी शरद ऋतूत तपकिरी झालेल्या तुऱ्यांतून घेतलेले आहे. खालच्या उंचीवरच्या बेट्युला अल्नॉइडिसचे तुरे लांब, झुबक्याने लोंबणारे असतात आणि वसंतात पिकतात, त्यामुळे भेसळीची शंका नाही. ओल्या वाळूत ४ अंशांना ४ आठवडे ठेवून बी पृष्ठभागावरच पेरले आहे, कारण मातीखाली गाडले तर नीट उगवत नाही. उगवण चांगली. दोन पाने फुटताच कोवळे खोड जमिनीलगत पाणी धरल्यासारखे, करडे होते आणि रोप आडवे पडते.

निर्जंतुक माध्यमात हे थांबते, पण मग वाढ खुंटते. भूर्जाला मुळांबाहेर आवरण धरणारी बुरशी लागते. बाजारातले नेहमीचे व्हॅम खत (मुळांच्या आत शिरणाऱ्या बुरशीचे) त्याला उपयोगी नाही.

मोठ्या झाडाखालची माती मिसळायची झाल्यास किती आणि रोप कितव्या पानावर असताना? त्यातून कोलमडीची बुरशी परत येऊ नये यासाठी काय करता? शिवाय पहिल्या हिवाळ्यात रोपे बर्फाखाली राहू द्यावीत की आच्छादन करावे?