जुनी मोजणीची पुस्तकं: कामाची की कपाटाची?

साखळीकाका, गिरगाव
परवा फोर्टच्या फुटपाथवर भूमापनाचं जुनं पुस्तक घेतलं. पुठ्ठा गेलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. ऑफिसातली पोरं हसली. हसोत.

मागे बोरिवलीकडे हद्द कायम करायचं काम होतं. जुन्या मोजणीच्या टिपणावर (हाती काढलेल्या नोंदीवर) एका बाजूचं माप ७-१२ (सातबारा नव्हे!). आमच्या पोरानं ते ७.१२ साखळ्या धरलं, म्हणजे २३५ फूट. मुंबई इलाख्यातली जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. म्हणजे ७ साखळ्या १२ आणे, पावणेआठ साखळ्या, २५५ फूट ९ इंच. जवळजवळ २१ फुटांचा फरक, आणि शेजारी भिंत घालायला टपलेला! पोराला तरी काय बोलणार, आणे त्यानं पाहिलेत कुठे?

रोव्हरवाला, दादर
काका, किस्सा झकास. पण यासाठी पुस्तक कशाला? ३३ फूट, १६ आणे, ४० गुंठ्यांचा एकर, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर मावतं. उरलेल्या पानांत लॉगची कोष्टकं आणि हातानं करायची आकडेमोड. रोव्हर (उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र) लावला की दोन-तीन सेंटिमीटरच्या आत बिंदू हातात.

साखळीकाका, गिरगाव
कुठला बिंदू, बाळा? कोपऱ्याचा दगड गेला, बांध गेला, वर सोसायटीचं पार्किंग आलं. आता टिपणावरचं माप जमिनीवर उतरव. चढावर साखळी आडवी ताणली होती की जमिनीलगत ओढली होती? पाचास एक चढ असेल तर १० साखळ्यांत सुमारे साडेसहा फुटांचा फरक पडतो. त्या काळची रीत काय होती हे रोव्हर सांगतो का?

चाळकरीण आर्किटेक्ट, ठाकुरद्वार
मध्येच बोलते. शहरात मला पुस्तकापेक्षा नकाशे उपयोगी पडले. लॉटन या ब्रिटिश अधिकाऱ्याची १८६५ ते १८७२ ची मुंबईची मोजणी बघा, गल्ली न् गल्ली आहे. आमच्या चाळीच्या पुनर्विकासात पाया खणताना बुजवलेली विहीर लागली. जुना नकाशा आधी काढला असता तर पंधरा दिवस वाचले असते. पातळ्यांचंही तेच. महापालिकेच्या कागदांत त्या टाउन हॉल डेटमवर (उंची मोजायची मुंबईची जुनी आधारपातळी), पोरं आणतात जीपीएसची उंची, आणि बसा जुळवत.

रोव्हरवाला, दादर
नकाशाबद्दल वादच नाही, ती नोंद आहे. पुस्तक म्हणजे साहेबाचा हुकूम. ‘साखळी आडवी धरा’ असं छापलं म्हणून मे महिन्याच्या उन्हात माणसांनी ती तशीच धरली, हे कशावरून? आणि छापील तेच खरं म्हणाल, तर थुलिअर-स्मिथच्या भारतातल्या भूमापनाच्या मॅन्युअलचं बघा. १८५१ च्या पहिल्या आवृत्तीत त्यात मदत केलेल्या बंगाली गणिती राधानाथ सिकदारांचे आभार होते, १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीतून नाव गायब.

साखळीकाका, गिरगाव
सिकदारांचं खरं आहे, ते ऐकून राग येतोच. उन्हाचा मुद्दाही बिनतोड. पण रीतच माहीत नसेल तर ती मोडली हे ओळखणार कशावरून? माप ठरावीक दिशेला सारखं वाढत गेलेलं दिसलं की मी आधी चढ बघतो. हे शिकलो ते असल्याच पुस्तकातून.

रोव्हरवाला, दादर
बरं, चढाच्या पानाचा फोटो टाका. आण्यांचंही टाका. बाकी पुस्तक तुमच्या कपाटातच शोभतं, मत कायम.

साखळीकाका, गिरगाव
टाकतो. चढाच्या पानाचा कोपरा वाळवीनं नेलाय, तेवढं चालवून घे.