अंतालिया: आईला घेऊन कलेइचीत राहावं का?

सांगलीकर:
ऑक्टोबरमध्ये आईसोबत तुर्कस्तानला जातोय, अंतालियात जुन्या कलेइची भागात राहावं की बाहेर समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये ते ठरत नाहीये. आईला इतिहासाची जाम आवड, पण गुडघे दुखतात आणि तिथे सगळे दगडी रस्ते आहेत म्हणे. कोणी गेलंय का?

पायवाट:
कलेइचीतच राहा! वरचा भाग बऱ्यापैकी सपाट आहे, खरा उतार लागतो तो जुन्या बंदराकडे, पण तिथेही जुम्हुरियेत चौकाच्या बाजूने खाली उतरायला लिफ्ट आहे त्यामुळे काकूंचा प्रश्न सुटतो. हॉटेलं म्हणजे बहुतेक जुने ऑटोमन वाडे, आत लाकडी जिने, म्हणून बुकिंग करतानाच तळमजल्याची खोली मागा आणि टॅक्सी दारापर्यंत येते का तेही विचारून घ्या. दगड घासून गुळगुळीत झालेत, रबरी सोलचे बूट हवेतच. विमानतळावरून ट्राम आहे, इस्मेतपाशाला उतरायचं.

रानवारा:
+१. काकूंना इतिहास आवडतो तर सकाळी लवकर हेड्रियनच्या दरवाजापाशी न्या, गर्दी व्हायच्या आत. रोमन सम्राट हेड्रियन इ.स. १३० मध्ये इथे आला तेव्हा बांधलेला, तीन कमानींचा. खाली बघायला विसरू नका, गाड्यांच्या चाकांनी दगडात पडलेल्या चाकोऱ्या अजून दिसतात, मला तर कमानींपेक्षा त्याच जास्त आवडल्या. मग केसिक मिनारे, एकाच जागी आधी रोमन मंदिर, मग चर्च, मग मशीद. संध्याकाळी हिदिरलिक बुरुजाजवळ बसा, शेजारीच काराआलिओलू पार्क आहे, बाकं भरपूर आणि समोर समुद्र. आणि हो, १४व्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे येऊन गेला, ख्रिस्ती व्यापारी, ग्रीक, ज्यू, मुसलमान सगळ्यांच्या वस्त्या वेगवेगळ्या तटबंदीत होत्या असं त्याने लिहिलंय. हाच माणूस पुढे आपल्या दौलताबादलाही आला होता, काकूंना हे नक्की सांगा!

सांगलीकर:
दौलताबाद आईने पाहिलंय, खूश होईल ती. व्हिसाचं काय?

पायवाट:
भारतीय पासपोर्टवर चालू शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा), अमेरिका, यूके किंवा आयर्लंडचा व्हिसा असेल तर ई-व्हिसा मिळू शकतो, नाहीतर पासपोर्टवर चिकटवतात तो स्टिकर व्हिसा काढावा लागतो, त्याला वेळ ठेवा. शाकाहारी असाल तर तिथला पियाझ मागवा, पांढऱ्या घेवड्यासारखे दाणे, वरून तिळाचं ताहिनी. बऱ्याचदा उकडलेलं अंडं असतं वर, ते आधीच नको म्हणून सांगायचं.