उठून गेलं की लॅपटॉप लगेच लॉक व्हावा: मनगटी बँड चालेल का?

कळफलक
विंडोज ११ वर डायनॅमिक लॉक (जोडलेला फोन दूर गेला की लॅपटॉप लॉक करणारी सोय) चालू आहे, फोन ब्लूटूथने जोडलाय. पण उठल्यावर लॉक व्हायला मिनिटभर लागतं आणि शेजारच्या खोलीत गेलं तर होतच नाही. फोनऐवजी मनगटी बँड वापरता येईल का? परत आल्यावर आपोआप उघडला तर उत्तमच.

लहरी
उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीर शोषून घेतं. हात नुसता टेबलाखाली गेला तरी सिग्नल १० डेसिबलने पडू शकतो, उलट पातळ भिंत त्याला फारशी अडवत नाही. शिवाय डायनॅमिक लॉकच्या मूळ नियमात उपकरणाचा प्रकारही ५१२, म्हणजे फोन, असाच असतो, बँड नाही.

स्वतःची स्क्रिप्ट लिहिणार असाल तर दर सेकंदाला आरएसएसआय (मिळणाऱ्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) वाचा आणि सलग ५ वाचनं उणे ८० च्या खाली गेली तरच लॉक करा. 'परत आला' ठरवायची मर्यादा वेगळी, उणे ६५ च्या आसपास ठेवा. एकच आकडा ठेवला तर सीमेवर सारखी उघडझाप होते. हे आकडे अंदाजाचे आहेत, खुर्चीत आणि दाराशी मोजून आपले ठरवा.

बँडची खरी अडचण वेगळीच. बरेच बँड फोनला जोडले गेले की स्वतःची जाहिरात (आपण इथे आहोत असे ब्लूटूथ संदेश) थांबवतात, मग लॅपटॉपला ते दिसतच नाहीत.

कुलूपवाला
आपोआप उघडणं नकोच. दोन चोर फसवू शकतात: एक जण तुमच्याजवळ, दुसरा लॅपटॉपजवळ, आणि मधे ब्लूटूथचे संदेश जसेच्या तसे पुढे ढकलायचे. एन्क्रिप्शन फोडावंच लागत नाही. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा कंपनीने टेस्ला मॉडेल ३ वर हे करून दाखवलं. सिग्नलची ताकद इथे फसवी, सिग्नलच्या प्रवासाचा वेळ मोजला तरच अंतर कळतं (प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो). ॲपल वॉचने मॅक उघडताना असा वेळ मोजतात, शिवाय घड्याळाला पासकोड आणि मनगट-ओळख (ते हातात घातलंय का हे तपासणं) सक्तीची. मात्र ते फक्त उघडतं. तुम्ही उठून गेलात म्हणून मॅक लॉक करत नाही.

कळफलक
म्हणजे उघडणं हातानेच. लगेच लॉक व्हायला मग काय?

दोरीबहाद्दर
वायर. कमरपट्ट्याला बांधलेली, चुंबकी जोडाने सुटणारी यूएसबी केबल. लिनक्सवर यूडेव्हचा (उपकरणं जोडली-काढली की काय करायचं ते ठरवणारी व्यवस्था) नियम लिहून उपकरण निघताच 'लॉगिनसीटीएल लॉक-सेशन्स' (loginctl lock-sessions) ही लॉक करायची आज्ञा चालवा. नियमात उपकरण ओळखायला एटीटीआर (ATTR) जुळवू नका, उपकरण निघाल्यावर सिसएफएसमधली (लिनक्सच्या उपकरण-माहितीच्या फाइल्समधली) नोंद गेलेली असते, ईएनव्ही (ENV) वापरा.

विंडोजवर स्मार्टकार्डनेच लॉगिन होत असेल तर कार्ड काढल्यावर लॉक करायचं धोरण आहे, पण त्याची सेवाही चालू लागते. ती बंद राहिली तर कार्ड काढूनही काही होत नाही.

लॉक पडद्यामागे डिस्कच्या एन्क्रिप्शनची किल्ली मेमरीतच असते. मशीनच चोरीला जायची भीती असेल तर लॉकऐवजी बंद करण्याची आज्ञा द्या. न जतन केलेलं काम मात्र जाईल.